अळिवाचं जंगल

माझ्या हातचं काहीही उगवतं, असं माहेरी सगळे म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. नाशिकला दिवाळीत भाऊ मातीचा किल्ला करायचे. बुरूज त्यांचे, गुहा त्यांची, सिंहासनावरचे महाराजही त्यांचेच. माझ्याकडे एकच काम, किल्ल्यावर अळीव पेरायचं आणि येता-जाता पाणी शिंपडायचं. चार-पाच दिवसांत सगळा डोंगर हिरवागार व्हायचा. किल्ला बघायला आलेली मंडळी त्या हिरवळीवरून हात फिरवायची आणि पाठ थोपटायची ती भावांची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! माझ्या वाट्याचं कौतुक कुणीतरी मला देणं लागतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ही हाव आधीच सांगून टाकते, कारण कतारला, दोह्यात मी जे केलं ते तिच्यापायी केलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. यजमान ड्राफ्ट्समन. त्यांचं ऑफिस दूरदूरच्या गरीब मुलखांना रस्ते, बंदरं, दवाखाने बांधायला कर्ज द्यायचं. तेलाचा पैसा आलेला होता आणि तो मागायला जगभरातून माणसं नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन यायची. त्या नकाशांवरून यजमान टेबलभर मोठ्या प्रतिकृती करायचे, म्हणजे कमिटीतल्या मंडळींना तो मुलूख डोळ्यांनी दिसावा.

एकदा असेच एक पाहुणे आले, पार विषुववृत्ताजवळच्या जंगलातून. बारा महिने पाऊस, वाट म्हणाल तर नदीची. पण जमीन मिळेल या आशेने तिथे बाहेरून लोंढेच्या लोंढे येत होते. काल-परवाचं खेडं बघता बघता शहर झालं होतं आणि त्यात ना दवाखाना होता, ना धड प्यायचं पाणी. पाहुणे दवाखान्यासाठी पैसे मागायला आले होते. ऑफिसातले सल्लागार साहेब म्हणाले, दवाखाना कर्ज फेडत नाही, रस्ता फेडतो. रस्ता करा, त्याच्या दोन्ही अंगांचं जंगल साफ करून शेतीला द्या, मग त्याच कर्जात दवाखानाही बसवू. पाहुण्यांना रस्ता चालणार होता, पण नुसता रस्ता, अरुंद. दोन्ही बाजूंच्या जंगलाला हात लागायला नको होता. शेवटचा निर्णय कमिटीचा.

यजमानांनी मातीचे डोंगर केले, नदीला निळी काच बसवली. जंगलासाठी परदेशातून मागवलेली प्लास्टिकची झाडं मात्र बंदरात अडकली. बैठक आठवड्यावर आलेली. यजमान डोक्याला हात लावून बसले.

"अहो, अळीव पेरू या की," मी म्हणाले.

"अगं, हे ऑफिसचं काम आहे. दिवाळीचा किल्ला नाही."

"मग लावा भुसा आणि फासा त्याला हिरवा रंग."

गेले मुकाट्याने सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, आणि मसाल्याच्या दुकानातून अळीव घेऊन आले. अरबीत त्याला रशाद म्हणतात हे मला तेव्हा कळलं. प्रतिकृती आमच्या पुढच्या खोलीत आली. मी ओल्या कापसावर अळीव पेरलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन तिच्याभोवती फिरत राहिले. आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी टँकरने यायचं, ते मी जंगलावर उधळत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी यजमान पाहुण्यांना घेऊन घरी आले. कोंब चांगले बोटभर झाले होते. पाहुणे सूटबूट घातलेले, पन्नाशीचे, आणि ते जंगल बघताच सरळ फरशीवर मांडी घालून बसले. नाक खाली नेऊन त्यांनी वास घेतला. मग माझ्या हातातली बाटली मागून घेतली आणि स्वतः पाऊस पाडला. इंग्रजी त्यांचंही बेताचं, माझंही बेताचं, त्यामुळे आमचं छान जमलं. नदीच्या एका वळणावर बोट टेकवून ते म्हणाले, "इथे माझी बहीण राहते. घरामागे फळझाडं आहेत. आईने लावलेली."

"अजून वाढेल हे," मी म्हणाले. "बैठकीच्या दिवशी बघा." आणि त्या दिवशी दुपारी जेवायला आमच्याकडेच या, असंही सांगून टाकलं.

बैठकीला मी गेले ते पाणी मारायला. एसीत कोंब माना टाकतील म्हणून यजमानांनी परवानगी काढली होती. मी ठेवणीतली नारायणपेठ नेसले, एका हातात बाटली, पर्समध्ये कडा कातरायला शिवणाची कात्री. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या त्या थंडगार खोलीत सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. कमिटीचे अध्यक्ष वयस्कर स्थानिक गृहस्थ होते. त्यांनी हिरवळीवरून अलगद तळहात फिरवला, एक कोंब खुडला, तोंडात टाकला आणि लहान मुलासारखे हसले. "रशाद! माझी आई माशांबरोबर द्यायची." मग माझ्याकडे वळून छातीला हात लावून म्हणाले, "शुक्रन." सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊ नाहीत, कुणी नाही, फक्त माझ्याकडे. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती तिथेच.

चर्चा रस्त्याच्या रुंदीवर आली आणि अडली. पाहुणे सांगत होते, जंगल गेलं की नदी जाईल, नदी गेली की काठची घरं. साहेब म्हणाले, साफ केलेली जमीन दिसते कशी, ते प्रत्यक्षच बघू. आणि माझ्या कात्रीकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, तुम्ही दाखवता का?"

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आशेने पाहिलं. त्या खोलीत त्यांच्या ओळखीची बाई मी एकटीच होते. मला नाही म्हणता आलं असतं. हात दुखतोय, कात्रीला धार नाही, काहीही. पण खरं सांगते, नाही म्हणावंसं मला वाटलंच नाही. कातरायचं काम होतं आणि ते माझ्याइतकं सफाईने कुणालाच येणार नव्हतं.

मी आधी बारीक पट्टी कापली. "अजून रुंद," साहेब म्हणाले. मी अजून कापलं. "अजून." कडा कशा, ब्लाउजपीस फाडल्यासारख्या सरळ. नदीच्या वळणावर एक झुबका राहिला होता. तो कुणाचा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण न्हाव्याने विसरलेल्या बटेसारखा तो मध्येच उभा होता, सगळं काम बिघडवत होता. मी तोही कापला.

"खलास, असंच," कमिटीतलं कुणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी पाहुण्यांना विचारलं. दवाखाना त्याच कर्जात होता. पाहुण्यांनी होकाराची मान हलवली.

ते सगळं आधीच ठरलेलं होतं, असं यजमानांनी मला नंतर अनेकदा समजावलं. कागद तयार होते, तू कापलं नसतंस तरी साहेबांनी पेन्सिलीने आखून दाखवलं असतं. असेल तसंही. मी ते ऐकून घेते, पण त्याने मला कधी बरं वाटलं नाही. लाज मला कर्जाची वाटतच नाही. त्या झुबक्याची वाटते, आणि त्यानंतरच्या जेवणाची.

कारण मी तशीच तरंगत घरी आले होते. कापलेले कोंब ओल्या रुमालात बांधून आणले होते. इतकं कोवळं, ताजं, पाणी घालून वाढवलेलं, ते काय टाकून द्यायचं? अध्यक्षांनीही आवडीने खाल्लं होतं. बाकी स्वयंपाक सकाळीच झाला होता. मी कोंब बारीक चिरले, दही घातलं, मीठ, साखर, वरून जिऱ्याची फोडणी. पाहुणे यजमानांबरोबर आले तेव्हा पानं वाढून तयार होती. ते फारसे बोलत नव्हते. दमले असतील, असं मला वाटलं.

कोशिंबिरीचा घास घेऊन ते थांबले. "हे काय आहे? छान तिखट लागतंय."

"तुमचं जंगल!" मी म्हणाले. हसत म्हणाले. "वाया नाही जाऊ दिलं."

यजमानांचा घास हातातच राहिला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पाहुणे वाटीत बघत राहिले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "नदीच्या वळणावरचंही यातच आहे का?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटं बोलायचं सुचलंही नाही.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पानात टाकलेलं आमच्याकडे चालत नाही, हे यजमानांनी त्यांना कधीतरी सांगितलं असावं. त्यांनी वाटी जवळ ओढली आणि घास घास करून सगळी कोशिंबीर खाल्ली. शेवटी पोळीच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली. मला मान वर करवत नव्हती, म्हणून मला फक्त ती वाटी दिसत होती, स्वच्छ, रिकामी.

पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की विचारायचं नाही, वाढायचं, हे माझ्या हाताला आईने लावलेलं वळण. मी थिजून उभी होते आणि हात आपला भांड्याकडे गेला. मी त्यांना अजून एक पळी वाढली.

तीही त्यांनी संपवली.