गळक्या नळीपाशी उतरलेला वटवट्या

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. पक्षी बघणाऱ्यांच्या बैठकीत कुणी "तो वटवट्या तुम्हीच शोधलात ना?" असं विचारलं, की मी चहाच्या कपात बघून हसायचो. मी तो शोधला नव्हता.

अबुधाबीच्या खलिफा सिटीत व्हिलांच्या एका कंपाउंडची देखभाल माझ्याकडे होती. सुट्टीच्या सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून भटकायचं, एवढाच मला नाद. आमचे माळी सिंधुदुर्गातले, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मागच्या भिंतीपाशी एक काटेरी झुडूप होतं आणि त्याच्या बुंध्याशी ठिबकची नळी गळायची. ती दुरुस्त करायला मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "साहेब, थंडीभर ऱ्हवांदे. एक पाखरू न्हाता थंय."

"कसलं?"

"चिमणीयेवढा. डोक्या काळा कुळकुळीत, गळो पांढरोशुभ्र."

काळ्या डोक्याचा एक वटवट्या दर हिवाळ्यात आखातात येतो. त्याचा गळा गुलाबीसर असतो आणि शेपटी तो सारखी आडवी हलवतो. हा तोच, असं मी सांगून टाकलं.

"ह्या आडवी हलवना नाय, साहेब. चार दिवस बघतंय."

कंपनीच्या बसची वाट बघत दोन रखवालदार आणि ड्रायव्हर तिथेच उभे होते. त्यांच्याकडे वळून मी म्हणालो, "इसको कल शुतुरमुर्ग भी दिखेगा." सगळे हसले. माळीही हसले. त्यानंतर बसमध्ये त्यांना 'शुतुरमुर्ग', म्हणजे शहामृग, म्हणूनच हाका मारायचे. ते मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी, माळी पुढच्या हिरवळीवर असताना, मी झुडपासमोर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने पाखरू पाण्यावर उतरलं. गळा चुन्यासारखा पांढरा, डोळ्याभोवती लाल कडं. शेपटी उभारलेली होती, पण आडवी हलत नव्हती. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपांत राहणारा हा दुसराच वटवट्या. तो आपला मुलूख सोडून सहसा इतक्या लांब येत नाही. मी फोटो काढले, तिथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे पाठवले, आणि 'प्रथम कोणी पाहिला' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही.

सुट्टीच्या दिवशी दुबई-शारजाहून माणसं कॅमेरे घेऊन आली. माळी पाइप हातात धरून लांब उभे राहिले, कुणाच्या पायावर पाणी जाऊ नये म्हणून. "सापडला कसा?" एकाने विचारलं. "त्याला नजर असावी लागते," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर माळी जवळ आले. चेहरा उजळलेला.

"दिसला मां, साहेब?"

"दिसला," मी म्हणालो. नोंदीबद्दल बोललो नाही. बसमधल्या माणसांना 'माळी खरं बोलत होते' एवढं सांगितलं असतं, तरी ते टोपणनाव थांबलं असतं. तेही सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते कायमचे गावी गेले, तेव्हाही निरोप देणाऱ्यांनी त्यांना त्याच नावाने हाक मारली.

पुढे दर थंडीत माफी मागायची असं ठरवून मी त्यांना फोन लावायचो. मी तोंड उघडायच्या आत ते विचारायचे, "पाखरू इला काय हो यंदा?" नाही आलं, असं सांगावं लागायचं. मग झुडपाची चौकशी, नळीची चौकशी. नळी मी गळतीच ठेवली होती. ते ऐकून ते इतके खूश व्हायचे, की माझं वाक्य तोंडातच राहायचं. पुढच्या वेळी बोलू, असं म्हणून मी फोन ठेवायचो.

गेल्या थंडीत फोन त्यांच्या पत्नीने घेतला. पावसाळ्यातच ते गेले होते. "तुमच्या फोनची वाट बघायचे," त्या म्हणाल्या.

नोंद मी बदलून घेतली आहे. त्या रकान्यात आता त्यांचं नाव आहे. फोनवर बोलायचं होतं ते एवढंच होतं: तो आधी तुम्ही पाहिलात, आणि मी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा.