जिनं शिवलं, तिनं तपासायचं नाही

चेकरबाईंचा आणि माझा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. मी शर्टाला कॉलर जोडते. अकरा वर्षं जोडतेय, आणि माझ्या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ही बाई आली आणि पहिल्याच आठवड्यात माझे नऊ शर्ट परत! प्रत्येकावर लाल बाणाची चिकटपट्टी, आणि बाणाचं टोक बरोब्बर कॉलरच्या टोकावर. "डावं टोक उजव्यापेक्षा एक दोरा लांब आहे," म्हणाली. एक दोरा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "अहो बाई, शर्ट घालणाऱ्याची मान तरी एवढी सरळ असते का?" ती हसली नाही की चिडली नाही. शर्ट माझ्या हातात ठेवला आणि पुढचा उचलला.

आमच्या कारखान्यात नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही. मशीनच्या खडखडाटात नावं ऐकू येत नाहीत, म्हणून कामावरूनच हाक. मी कॉलर, माझ्या पलीकडे बटणांची काजं करते ती काजवाली, आणि ही चेकर. तयार शर्ट उलटासुलटा करून त्यातली खोट शोधायची, हे तिचं दिवसभराचं काम. अशा बाईला मैत्रिणी कुठून मिळणार? जेवायलासुद्धा ती एकटीच बसायची.

पण तिला तीन महिन्यांची पोर होती, आणि ज्या बाईला पोर आहे तिला आमच्या खोलीत यावंच लागतं. पॅकिंगच्या हॉलमागं पत्र्याचा आडोसा करून बाळांची खोली केलीय. सहा छोट्या खाटा, एक सतरंजी, एक पंखा, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर मोठं घड्याळ, आणि या सगळ्यावर राज्य करणारी मावशी. साडेदहाला, जेवणाच्या सुट्टीत आणि चारला आम्ही आया तिथं धावतो. कोणी पाजतं, कोणी भरवतं, कोणी नुसतं कुरवाळून परत मशीनवर पळतं. आणि तोंडं सगळ्यांची चालू. कोणाला शी झाली, कोणाला नाही झाली, कोणाच्या अंगावर पुरळ, कोणाचा कान ठणकतोय. आमच्याकडे सगळं दातांवर ढकलायची पद्धत होती. ताप आला, दात येतायत. जुलाब लागले, दात येतायत. काजवालीच्या पोराला तोंडभर दात येऊन बसले तरी ती दातच म्हणायची.

चेकरबाईंची पोर म्हणजे नखाएवढी. माझा पोरगा ढब्ब्या पाय रोवून सतरंजीवर उभा राहिला की त्याच्या सावलीत ती मावायची. मीच तिला टाचणी म्हणायला लागले, आणि बघता बघता सगळ्या म्हणायला लागल्या. चेकरबाई काही बोलली नाही. आपण लाडानं म्हणतोय, असंच मी धरून चालले होते.

बाई कामाची आहे, हे आम्हाला कळलं बटणामुळं. एका दुपारी काजवालीच्या पोरानं शर्टाचं बटण गिळलं. काजवालीची पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, घाबरू नका, दोन-तीन दिवसांत आपोआप बाहेर पडेल, लक्ष ठेवा. आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या दिवशी काजवालीला बघवेना, मला उमासे यायला लागले. चेकरबाईंनी बाह्या वर केल्या, एक काडी घेतली आणि बसली. दोन दिवस रोज. तिसऱ्या दिवशी मोरीतून आवाज आला, "चार भोकांचं, पांढरं, काठाला चरा नाही. पास!" त्या दिवशी तिला पहिल्यांदा आमच्यात बसवून जेवायला लावलं.

मग एकदा नर्सबाई आल्या वजनं करायला. पोराला खोकला झाला तर श्वास कसे मोजायचे, ते त्यांनी शिकवलं. पोर शांत असताना अंगातलं वर करायचं, पोट वरखाली होतं ते बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. वर्षाच्या आतल्या बाळाचे पन्नास झाले, किंवा वर्षावरच्या पोराचे चाळीस झाले, की वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. आम्ही माना डोलावल्या. चेकरबाईंनी विचारलं, "मोजायचं कोणी?"

"कोणी म्हणजे? आईनं," नर्सबाई म्हणाल्या.

"चालायचं नाही. जिनं शिवलं, तिनं तपासायचं नाही. आपल्या हातची खोट आपल्याला दिसत नाही, नाहीतर नसलेली दिसते."

"म्हणजे आपला तो बाब्या," काजवाली म्हणाली, आणि आम्ही सगळ्या हसलो. नर्सबाई पण हसल्या. पण तेव्हापासून खोलीचा नियमच झाला. जिचं पोर आजारी, तिनं फक्त पोराला धरून बसायचं. मोजणार दुसरी.

हसले खरी, पण नियम कशासाठी आहे ते मला महिन्याभरात कळलं. ढब्ब्याला खोकला झाला. मी दवाखान्यात पळायच्या तयारीनं चपला घालून उभी, रडतेय, ओरडतेय, "साठ झाले हो, साठ!" चेकरबाईंनी मला बाजूला केलं, गुडघ्यावर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून ओठातल्या ओठात मोजत राहिली. "तेहतीस," म्हणाली. "तू त्याच्याबरोबर स्वतःचे पण मोजत होतीस." माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी तिनं माझे तीन शर्ट परत पाठवले, ती गोष्ट वेगळी.

असं वर्ष गेलं. कोणाला जुलाब झाले की कोण ओआरएसचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत बसायचं, कोणाच्या कपाळावर कोण हात ठेवून बघायचं, सगळं आपोआप ठरून गेलं. चेकरबाई सगळ्यांच्या पोरांचं मोजायची. तिच्या पोरीचं कोण मोजतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तिला काय सांगायचं, तीच तर सगळ्यांना सांगते!

टाचणी चौदा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. दोन दिवस तिचं नाक वाहत होतं, खोकला होता. तिसऱ्या दिवशी मोठा माल जायचा होता आणि चेकरबाईंच्या टेबलावर शर्टांचा डोंगर. साडेदहाला ती आली, पोरीचा फ्रॉक वर केला, घड्याळाकडे बघितलं, "अडतीस," म्हणाली आणि गेली. दोन कमी आहेत चाळिसाला, मी मनात म्हटलं, आणि ढब्ब्याचं नाक पुसत राहिले. जेवणाच्या सुट्टीत आले तर मावशी पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. "दूध घेत नाही गं सकाळपासून. मान टाकतेय," म्हणाली. तेवढ्यात चेकरबाई आली.

"सकाळी कोणी मोजले?" मी विचारलं.

"मी. अडतीस होते."

"तुम्हीच?"

आता खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, मला आधी आनंद झाला. सापडली! वर्षभर माझ्या कॉलरला बाण चिकटवणारी बाई स्वतःचाच नियम मोडताना सापडली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "जिनं शिवलं तिनं तपासायचं नाही ना बाई? आणा इकडे."

मावशीनं पोरीला मांडीवर घेतलं. मी फ्रॉक वर केला आणि मोजायला लागले. अर्धं मिनिट झालं तेव्हाच मी सत्ताविसावर होते. पुढचं मी कसं मोजलं ते माझं मला माहीत. आनंद कुठल्या कुठे गेला. तिच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. सकाळपासून ती आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही बघितलं नव्हतं.

"चोपन्न," मी म्हटलं.

"तुला मोजता येत नाही," चेकरबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुझं मोजणं तुझ्या कॉलरसारखंच, वाकडं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला सोडलं नसतं. तेव्हा मी नुसतं काजवालीकडे बघितलं. काजवाली खाली बसली. पूर्ण मिनिट कोणी हललं नाही, पोरंसुद्धा. "त्रेपन्न," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली. चेकरबाई सतरंजीवर मटकन खाली बसली. मोजायला नाही, नुसतीच बसली.

मी उठले आणि तडक सुपरवायझरच्या टेबलाशी गेले. "साहेब, चेकरबाईंची पोर आजारी आहे, बाई तिला दवाखान्यात नेतायत. मी पण जातेय." साहेबांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "मालाचं मला सांगू नका. शर्टांना काय पाय फुटलेत पळून जायला?" माणूस वाईट नाही. त्यांनी मुकाट्यानं पॅकिंगच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. ढब्ब्याला काजवालीच्या हवाली करून मी टेम्पोत चढले. वाटेत चेकरबाई पोरीच्या छातीकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती आणि पोरीचा पाय मुठीत घट्ट धरून बसली होती.

न्यूमोनिया निघाला. नाकाशी ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. एवढासा हात, त्यात शीर सापडेना, तेव्हा मला बाहेर जावंसं वाटलं. पण गेले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज आणलंत ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं. आता होईल बरी." चार वाजेपर्यंत पोरीच्या ओठांवर रंग आला आणि ती झोपली. आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. मी चहा आणला, तो तिनं हातात धरून ठेवला.

"मी चुकीचं मोजलं नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, आता इथंसुद्धा भांडणार.

"अडतिसाला थांबले. घड्याळात अजून अठरा सेकंद होते."

मला कळायला जरा वेळ लागला. बेचाळीस सेकंदांतच अडतीस झाले होते.

"पुढचा आकडा मला नको होता," ती म्हणाली. "ही झाली तेव्हा पावणेदोन किलोची होती. जो बघायला येईल तो काहीतरी काढून जायचा. पाय काड्या, कान पातळ, रंग पिवळा. सासूबाई म्हणाल्या, दुनियेच्या शर्टांत खोट काढतेस ना, आता काढ हिच्यात. तेव्हाच ठरवलं. सगळ्यात काढीन, हिच्यात नाही काढणार." मग ती रडली. मोठ्यानं, तोंडावर हातही न घेता. सगळा वॉर्ड बघायला लागला.

टाचणी हे नाव कोणी ठेवलं ते मला आठवलं आणि वाटलं, जीभ हासडून टाकावी. "अगं ए," मी म्हटलं, आणि वर्षभर अहो बाई म्हणणारी मी तिला अगं म्हणतेय हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, "ती खोट नव्हती गं. आजार होता."

"आत्ता कळतंय," ती म्हणाली. "सकाळी कळत नव्हतं."

पाच दिवसांनी पोर घरी आली आणि आणखी आठ दिवसांनी चेकरबाई कामावर आली. मधल्या काळात काजवालीनं मला पन्नासदा विचारलं, एवढ्या हुशार बाईचं मोजणं चुकलं कसं? माझ्या पोटात तीळ भिजत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी म्हटलं, चुकतं कधी कधी, तू तुझी काजं बघ.

सांगितलं ते तिनंच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बसल्या होत्या, तेव्हा उभी राहिली आणि शर्टाची खोट सांगते त्याच आवाजात सांगून टाकलं. कुठल्या आकड्यावर थांबले, किती सेकंद उरले होते, आणि का. मावशी पदर तोंडाला लावून बसली.

मग कोपऱ्यातून दोरे कापणारी पोरगी पुढं आली. तीन आठवड्यांपूर्वी लागलेली, पाच महिन्यांचं पहिलंच बाळ. रोज विचारलं की म्हणायची, "छान आहे हो, काही नाही." तिचं तोंड लालभडक झालं होतं. "याला परवापासून खोकला आहे," म्हणाली. "मी कोणाला बोललेच नाही. काही निघालं तर, म्हणून."

"आण," चेकरबाई म्हणाली.

तिनं हात धुतले, बाळाचं झबलं वर केलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. "बेचाळीस. पन्नासाच्या आत आहे. खळगाही पडत नाही. चारला परत बघू." पोरगी हमसून हमसून रडायला लागली. "रड, पण याला पाजता पाजता रड," चेकरबाई म्हणाली, आणि खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

मग तिनं स्वतःची पोर उचलली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. "आता हिचे," म्हणाली. "मोठ्यानं मोज. मला ऐकू येऊ दे."

मी मोठ्यानं मोजायला लागले. ती समोर उभी होती, हात स्वतःच्या ओढणीत गुंडाळलेले, रंग उडालेला. पंधरा, सोळा. तिचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं, पोरीच्या पोटाकडे होतं. पंचवीस, सव्वीस. सुट्टी संपल्याची घंटा झाली, बायका उठायला लागल्या, मावशी म्हणाली, आता पुरे, दिसतंय ना बरी आहे ते. चेकरबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मी एकतिसाला थांबले तेव्हा मिनिट पूर्ण झालं होतं, आणि तोवर ती जागची हलली नव्हती.