धुपाटण्यातला कोळसा

खाडीकाठच्या त्या पुरातत्त्वाच्या खणकामावर मी नमुने गोळा करायचो. सारसोळ्याजवळ शिंपल्यांचा जाड थर लागला होता आणि त्यातच कोळशाचे बारीक तुकडे. नुसत्या शिंपल्यांवरून काळ काढला तर तो खऱ्यापेक्षा जुना निघतो, कारण समुद्राच्या पाण्यातच जुना कार्बन मुरलेला असतो. म्हणून ताडून बघायला कोळसा लागतो. खणकाम चालवणाऱ्या मॅडमचं चार वर्षांचं काम त्या चिमूटभर कोळशावर अडलं होतं.

नवा थर खणायच्या आधी गावातली एक कोळीण आजी खड्ड्यात उतरून धूप दाखवायची. "जमनीला इचारल्याबिगर खनू नको," मला म्हणायची. "तुजा साहेबपना वर ठेव. खाली माज्या आज्याचं आंगन हाय."

त्या दिवशी तिचे गुडघे धरले होते. धुपाटणं घेऊन मीच उतरलो, पाय घसरला आणि करवंटीचे निखारे कोपऱ्यात सांडले. मी ते वेचले, वरची माती खरवडून टाकली. कुणाला बोललो नाही.

तीन दिवसांनी त्याच कोपऱ्यातला कोळसा चिमट्याने उचलून मी फॉइलमध्ये बांधला. आजच्या करवंटीचा एवढासा तुकडा आत गेला, तरी हजारो वर्षांपूर्वीची चूल कैक शतकं अलीकडची दिसणार, हे मला ठाऊक होतं. तरीही बांधला.

पाकीट तुर्भ्याच्या कुरिअरवाल्याकडे मीच नेलं. पुढे दोनच माणसं उरली, तेव्हा रांग सोडून बाहेर आलो आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, नमुन्यात धुपाचा कोळसा मिसळला असेल. आजी धूप दाखवतात ना."

"काका, उद्यापासून त्यांना खड्ड्याजवळ येऊ देऊ नका. तुम्हीच सांगा त्यांना."

"हो," म्हणून मी फोन ठेवला. आजीच्या दारात जाऊन हे सांगायचं, आणि तिने मान खाली घालून ऐकायचं. पुन्हा फोन लावला.

"मॅडम, धुपाटणं माझ्या हातात होतं. आजी वरच बसल्या होत्या. माझ्याकडून सांडलं."

"आणि आज सांगताय?"

"हो."

"पाकीट परत आणा. तो थर भरतीने धुऊन नेला, काका. दुसरा कोळसा नाही माझ्याकडे. एकेक तुकडा भिंगाखाली बघून करवंटीचे वेगळे काढू. कुठे सांडलं, किती उचललं, येता येता लिहून काढा."

बसमध्ये वही उघडली. कोपरा आठवत होता. निखारे किती होते, ते काही केल्या आठवेना.