कॉम्प्युटरने हिराबाईंसारखं विचारावं म्हणून

परवा आमच्या पथारीवर पाच-सहा बायका कॉम्प्युटरभोवती गर्दी करून उभ्या होत्या, आणि मधे आमच्या हिराबाई... नव्या नवरीसारख्या लाजत! का ते सांगते. पण आधी माझा गाढवपणा सांगावा लागेल.

माझ्या मामूंची नंदुरबारला मिरचीची पथारी आहे. म्हणजे गावाबाहेरचं मोठं मैदान, तिथे ओली लाल मिरची पसरून वाळवतात. प्रत्येक लॉटला नंबर असतो. कुठला वाळला, कुठला ओला, हे सगळं मामू वहीत लिहायचे.

बीसीए झाल्यावर मी मामूंच्या मागे भुणभुण लावली... वही बंद करा, मी डेटाबेस करते! मामू बिचारे तयार झाले. पण एक अट घातली. एकदा जरी घोळ झाला तर वही परत, आणि नसरीनबाई, म्हणजे मी, घरी.

डेटाबेससाठी मी एक फुकटचं टूल वापरते. पडद्यावर टेबलं दिसतात, बटण दाबलं की काम होतं. फार छान आहे हो, पण फार आज्ञाधारक!

त्या दिवशी मला फक्त सात नंबरच्या लॉटपुढे ‘वाळली’ लिहायचं होतं. कमांड दोन ओळींची. माउसने सिलेक्ट करताना खालची ओळ राहिली... आणि ‘फक्त सात नंबर’ हे नेमकं त्याच ओळीत! टूल जेवढं सिलेक्ट केलं तेवढंच चालवतं. एक क्लिक, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट लॉटपुढे ‘वाळली’! ना विचारलं, ना सवरलं.

आता हे परत फिरवायचं कसं? बॅकअप आठवड्यापूर्वीचा. आणि आभाळ भरून आलेलं, बायका टोपल्या घेऊन उभ्या, मामू दारातून विचारतायत, “तेरे डब्बे में क्या लिखा है? कौनसा माल भरना?”

खोटं बोलायचा मोह झाला, खरं सांगते. पण ओली मिरची पोत्यात गेली की काळी पडते... मामूंचा सगळा हंगाम गेला असता. मी रडवेल्या आवाजात सांगून टाकलं. मामू सरळ वही शोधायला लागले.

धावून आल्या त्या आमच्या मुकादम हिराबाई. प्रत्येक लॉटमधून मूठभर मिरची उचलायची, कानाशी हलवायची. आत बी खुळखुळलं की वाळली! त्या नंबर सांगत गेल्या, मी मोबाइलवर लिहीत गेले. दीड तासात सगळे लॉट पुन्हा नोंदले.

मग भरायला सुरुवात झाली, आणि एक गोष्ट मी पहिल्यांदाच नीट ऐकली. हिराबाई ओरडल्या, “सात नंबर! चाळीस टोपल्या! भरू का?” पलीकडच्या टोकाहून एका बाईने मोजून “भर!” म्हटल्यावरच हात लागला. कधीतरी दोन जातींची मिरची एकत्र झाली होती म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. मिसळलेली मिरची पुन्हा वेगळी होत नाही ना!

पाऊस चार थेंब टाकून निघून गेला, माल वाचला, आणि खरं सांगितलं म्हणून मामूंनी मलाही आणखी एक संधी दिली. चहा पिताना हिराबाई मला म्हणाल्या, “तुन्हा कॉम्प्युटर असं इचारत नही का व माय?”

नाही ना विचारत! त्याच संध्याकाळी टूल बनवणाऱ्यांना मी सूचना पाठवली. बदल करण्याआधी टेबलाचं नाव सांगा, त्यातल्या किती ओळी बदलणार ते सांगा, आणि ‘हो’ म्हणेपर्यंत थांबा. पथारीची सगळी गोष्टही लिहिली, माझ्या गाढवपणासकट. वाटलं, कोण वाचतंय...

त्यांनी वाचली! चार उलटसुलट प्रश्न विचारले, आणि परवा नवीन व्हर्जन आलं. सोबतच्या यादीत एक ओळ होती... ‘सूचना: हिराबाई, नंदुरबार.’ नाव मीच त्यांचं दिलं होतं. हिराबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी तीनदा वाचून दाखवलं. तीनही वेळा त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग सगळ्यांसमोर मी मुद्दाम तीच चूक पुन्हा केली. खालची ओळ सोडली, बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली, ती मी मोठ्याने वाचली... मिरची लॉट, त्रेसष्ट ओळी बदलतील, करू का?

“थांब व माय!” हिराबाई सवयीने ओरडल्या. “एकच शे ना, सात नंबर!”

मी हसत हसत कॅन्सल दाबलं. मामूंची वही सध्या मॉनिटरखाली आहे, उंची बरोबर येते म्हणून. आणि जगात कुठे कुठे कोण हे टूल वापरत असेल, त्या प्रत्येकाला आता आमच्या हिराबाई थांबवणार... थँक यू, हिराबाई!