फिक्या काकूंचं सूप

फिकं रांधायला काय अक्कल लागते, असं कुणी म्हटलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं भाज्या चिरल्या आहेत, मला विचारा. आमच्याकडे दोन विभाग होते. एकीकडे तिखटामिठाचं जेवण, आणि फरशीवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे फिकं. ज्यांची पोटं फाडून शिवलीत, ज्यांना अन्नाचा वाससुद्धा सोसत नाही, अशांसाठी. पलीकडे मुख्य जिनसा दोनच, सोयाबीन आणि चिकन. दोन्ही महालबाड. स्वतःची म्हणून चव नाही, पण शेजाऱ्याची लगेच उचलतात. एकदा मी कांदा चिरून, हात न धुता, सोयाबीनच्या पातेल्यावरचं झाकण नुसतं सरळ केलं, तर दुपारी वॉर्डातून सगळी जेवणं परत आली. नुसतं झाकण हो!

तर पट्ट्याच्या पलीकडे राज्य फिक्या काकूंचं. हाडकुळ्या, उंच, केस घट्ट बांधलेले, साबणसुद्धा बिनवासाचा. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा. आमचे साहेब म्हणायचे, "काकूंना राग आला तरी त्यात मीठ कमीच." पण हाताला काय शिस्त! रात्रभर भिजलेले सोयाबीन सकाळी पाण्यात चोळायच्या, सालं वर तरंगली की अलगद ओतून द्यायच्या. उकळताना त्याला दुधासारखा फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहायचं, नाहीतर हिरवट वास राहतो. शेजारच्या शेगडीवर चिकन मंद आचेवर. शिजलं की बोटांनी त्याचे धागे सुटे करायचे. आणि धागे सोडवताना काकू मोजायच्या. एक, दोन, तीन... हजार झाले की परत एकपासून.

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "काय काकू, कोंबड्यांची शिरगणती चाललीय का?" त्या नुसतं बघायच्या आणि पुढचा आकडा म्हणायच्या.

एका सोमवारी त्यांनी मोजलंच नाही. मला वाटलं घसा धरला असेल. बोटं चालली होती, तोंड मिटलेलं. सूप झालं, वाट्या भरल्या, गाडी वर गेली.

मंगळवारी सकाळी दहाला वॉर्डाच्या सिस्टर जिना उतरून थेट स्वयंपाकघरात. "काल सूपमध्ये काय घातलं होतंत?"

मी फणकारले. "पाणी, चिकन, सोयाबीन आणि आमचा घाम. का बरं?"

एरवी सिस्टर मला सव्वाशेर. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "फिक्या जेवणावरचे अकराच्या अकरा पेशंट कालपासून घरी सोडा म्हणतायत."

"त्यात नवल काय? सगळेच म्हणतात."

"अहो, सगळे एकच वाक्य म्हणतात. पोरगी घरी एकटी आहे, तिला ताप आहे, किल्ली शेजारी दिलीय. अकरा माणसं, चार खोल्या, एका खोलीतल्यांनी दुसरीतल्यांचं तोंड पाहिलेलं नाही. त्यातले एक आजोबा तर शिंपी, जन्माचे ब्रह्मचारी, ना बायको ना पोर. ते सलाइनची नळी उपटून दारापर्यंत गेले. म्हणे, तिच्या एकाच पायात मोजा आहे, दुसरा सापडत नाहीये."

मागे फसफस ऐकू आली म्हणून वळले, तर सोयाबीन उतू जात होतं. काकूंच्या हातून! पांढरा फेस शेगडीवरून खाली, फरशीवर, पिवळ्या पट्ट्यापर्यंत आला, आणि काकू नुसत्या उभ्या. सिस्टर गेल्यावर त्यांनी खिशातून एक लहान मुलाचा मोजा काढला. मळका, टाचेला विरलेला.

"परवा कपाट हलवलं. त्याच्यामागे होता," त्या म्हणाल्या.

मग मला पहिल्यांदा कळलं. काकूंना मुलगी होती, सात वर्षांची. बावीस वर्षांपूर्वी तिला ताप आला. रजा शिल्लक नव्हती. काकूंनी तिला पांघरूण घातलं, किल्ली शेजारणीला दिली, तासातासाने बघ म्हणाल्या आणि याच स्वयंपाकघरात कामावर आल्या. शेजारणीचा डोळा लागला. संध्याकाळी काकू घरी गेल्या तेव्हा पोर गार पडली होती. तेव्हापासून त्या रांधताना मोजत. मोजलं की डोकं रिकामं राहायचं.

"काल मोजता आलं नाही गं," त्या म्हणाल्या. "तिचं तापलेलं कपाळ डोळ्यांपुढून हलेना. आणि खरं सांगू? ते आता नाहीये. ताप होता हे ठाऊक आहे, पण कपाळ आठवत नाही. काल रात्री मी बावीस वर्षांनी झोपले."

आता माझं ऐका, कारण यात माझी चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी. मी म्हटलं, "मग काढून टाका की एकदाचं! कशाला जन्मभर निखारा पदरात बांधून फिरायचं?"

त्यांनी ऐकलं. आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं हे.

महिनाभर काकू न मोजता रांधत होत्या. रोज त्या दिवसातलं थोडं थोडं पातेल्यात जायचं. काकूंचे गाल भरले, एकदा तर माझ्या विनोदाला हसल्या. आणि वर वॉर्डात जे चाललं होतं ते बघून माझी पाचावर धारण बसली. एक दणकट ट्रकवाला दुपारभर पलंगावर बसून हवेत वेणी घालायचा. तीन पेड, अगदी बरोबर, शेवटी न दिसणाऱ्या रिबिनीची गाठ. एक कॉलेजची पोरगी रिकाम्या उशीशेजारी अंग चोरून झोपायची. विचारलं तर म्हणे, "तिला जागा नको का?" माणसं बरी होऊन घरी गेली की ते सोबत घेऊन जायची. परत द्यायला कुणी आलं नाही.

ट्रकवाल्याची वेणी बघून आले तेव्हाच मला कळायला हवं होतं. वेणी काही त्या वाईट दिवसातली नव्हती. वाईट संपलं होतं, आता चांगलं चाललं होतं.

चारच दिवसांनी काकू माझ्या भाजी चिरायच्या पाटाशी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तिचे केस कसे होते?"

"मला काय विचारता काकू? मी तिला पाहिलंय का कधी?"

मी हातातली सुरी टाकली आणि त्यांना धरून वॉर्डात नेलं. शिंपी आजोबा अजून होते, त्यांची जखम भरत नव्हती. मी त्यांना विचारलं. ते खुलले. "केस ना? दाट, जरा भुरे. वेणी घट्ट झाली की रडायची. आणि खिशात खडूचे तुकडे. कपडे धुताना पाणी पांढरं व्हायचं." मग जरा लाजून म्हणाले, "मला त्रास नाही हं त्याचा. सत्तर वर्षांत आठवण काढायला माझं म्हणून कुणी नव्हतं."

मी काकूंकडे पाहिलं. वाटलं, आता बांध फुटेल. त्या कुणा परक्याच्या लेकराचं कौतुक ऐकावं तशा ऐकत होत्या.

"हो का?" त्या म्हणाल्या. "गोड असेल पोर."



जिन्यावर त्यांनी माझं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी. "एकच गोष्ट उरलीय. ती माझ्या कडेवर आहे. तिचं वजन, मानेवर तिचा श्वास, आणि मी तिला हाक मारतेय. बस्स. हे गेलं तर मला मूल होतं हेच मला कळणार नाही. मला वाचव गं."

मी साहेबांकडे गेले, भांडले, आणि काकूंच्या जागी फिकं रांधायला उभी राहिले. दोनच दिवस. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या पेशंटांनी सिस्टरांशी कडाकडा भांडण काढलं, दुसऱ्या दिवशी एकमेकांशी. ज्यांच्या तोंडून आठवडाभर शब्द फुटला नव्हता ते डॉक्टरांना म्हणाले, "मला अक्कल शिकवू नका!" साहेबांनी मला पट्ट्याच्या अलीकडे हाकललं. हसावं की रडावं कळेना. फिकं रांधायला दुसरं कुणी उभं राहीना. काकूंच्या निवृत्तीला चार महिने होते, त्याआधी नोकरी सोडू म्हटलं तर पेन्शन जाणार होतं.

"मोजेन मी," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं धरलं, अजून चार महिने धरेन."

आणि त्या मोजू लागल्या. मोठ्याने, दात-ओठ खात. मीही अलीकडून त्यांच्याबरोबर मोजायची. भोपळा चिरताना तीनशे चार, तीनशे पाच. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायका आम्हाला खुळ्यात काढायच्या. काढू देत. नऊ दिवस आम्ही तशा राहिलो.

दहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात कुणाचं तरी तापलेलं लेकरू रडत होतं. सहाशे चाळीस, काकू म्हणाल्या. सहाशे एक्केचाळीस. बाहेर ते लेकरू "आई" म्हणून किंचाळलं. काकू थांबल्या. मी ओरडले, "सहाशे बेचाळीस! काकू, बेचाळीस म्हणा!" त्यांची बोटं चिकनचे धागे सोडवून पातेल्यात टाकत राहिली. तोंड मिटलेलं, डोळे खिडकीकडे. मी पट्टा ओलांडून धावले, त्यांचे दोन्ही हात धरले. तोवर सगळं पातेल्यात पडलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "काय गं, एवढी का धापा टाकतेस?"

मी वाटी भरली, त्यांच्या तोंडाला लावली. "प्या. प्या म्हणते ना!" आपलं आपल्यात परत जाईल, असं मला वाटलं. त्यांनी फुंकर मारली, सावकाश प्यायल्या, जिभेवर घोळवलं. "छान झालंय. कसलीच चव नाही."

मी दुसरी दिली, तिसरी दिली. काही नाही. "पोट भरलं बाई," त्या हसल्या आणि गाडी आणायला निघाल्या. वर चौदा वाट्या जायच्या होत्या. चौदा जणांत ते वाटलं जाणार, आठवड्यात चौदा दिशांना जाणार. मी दाराला आतून कडी घातली, पातेलं खाली घेतलं आणि डावाने पिऊ लागले. जीभ पोळली, टाळू सोलून निघाली. काकू बाहेरून दार वाजवत होत्या, मग साहेब वाजवू लागले. मी ओकले नाही. शेवटचं बोटाने पुसून खाल्लं. त्या दिवशी वॉर्डाला दूध आणि पाव गेला, आणि मला लेखी ताकीद मिळाली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. संध्याकाळी घरी जाताना डावी कंबर दुखू लागली. चालताना मी एका बाजूला कलत होते. मग मानेवर श्वास आला. ऊन, जरा चिकट. दोन हात गळ्यात पडले, आणि माझ्या तोंडातून एक हाक निघाली. घरात तिला कोणत्या नावाने हाक मारायचे ते मला तेव्हा कळलं. ते मी कुणालाही सांगणार नाही, तुम्हालाही नाही.

मला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, लोकांची टोचून बोलणी झाली. आता ती रोज माझ्या कडेवर असते. मी कामावर निघाले की हात घट्ट होतात. मला रोज ते हात सोडवून निघावं लागतं.

काकू मजेत आहेत. उरलेले महिने रांधलं, निवृत्त झाल्या. मोजायची गरज पडली नाही. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी भांडी घासायच्या हौदाच्या कट्ट्यावर डबे घेऊन बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, तुला विचारलंच नाही बघ. तुला मुलंबाळं किती गं?"

"एक मुलगी होती."

"अगं बाई! होती म्हणजे?"

"सात वर्षांची. ताप आला."

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं, माझ्यासाठी. "आणि तू कुठे होतीस गं तेव्हा?"

"कामावर."

"मग त्यात तुझा काय दोष?" त्या म्हणाल्या. "पोटासाठी जावं लागतं माणसाला. तू काय मुद्दाम गेलीस? वेडी कुठली. तुझा काही दोष नाही."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. बावीस वर्षं त्यांना हे एक वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. मलाही म्हणता आलं असतं, मोजा दाखवला त्या दिवशीच. मी म्हटलं होतं, काढून टाका.