तिथं आमचा घाव पडतो

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. क्वार्टर मिळालं, शेजारी हेडक्लार्कचं घर. पहिल्याच दिवशी मी मायला बजावलं, "दुष्काळात खडी फोडली, हे इथं कुणाला सांगायचं न्हाई."

माय नुसतं "बरं" म्हणाली. मला माझा आजही राग येतो.

त्या दुष्काळात औशाच्या रस्त्यावर ती खडी फोडायची, शाळेच्या सुट्टीत मीही फोडायचे. कधीकाळी तिनं उदगीरच्या जत्रेत तंबूतलं नाटक पाहिलं होतं. त्यात तुरुंगातली बाई गाणं म्हणते, उजाडणारच असं ठणकावून सांगणारं. माय तेच खडीवर म्हणायची. ओळ संपली की थांबायची, सगळ्या बायकांचे हातोडे एकदम पडायचे, मग पुढची ओळ. बायका या कामावरून त्या कामावर गेल्या, तसं गाणंही गेलं.

जिल्ह्याच्या आनंदसोहळ्याला मुंबईची मोठी गायिका आली. रेडिओवर ती लागली की आम्ही हातातला घास हातात ठेवायचो. हेडक्लार्कच्या बाई आमच्याच सतरंजीवर, कडक इस्त्रीच्या साडीत. शेवटी गायिकेनं नेमकं तेच गाणं घेतलं. काय गायली! अंगावर काटा आला. पण ओळ संपली की सूर ओढत ती थेट पुढच्या ओळीत शिरायची आणि मायची चुळबुळ व्हायची. तिसऱ्या ओळीला माय उभीच राहिली. मी तिचा पदर ओढला.

"बाई, तिथं थांबा की जरा! तिथं आमचा घाव पडतो!"

पेटी थांबली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. गायिका मायकडे वळून म्हणाली, "दाखवा बरं."

मायनं एक ओळ म्हटली आणि थांबली. मागून, बाजूनं, मैदानभर बायकांच्या टाळ्या एकदम पडल्या. कुणाला शिकवावं लागलं नाही.

गायिकेनं गाणं पहिल्यापासून घेतलं, दर ओळीला थांबत. शेवटच्या कडव्यालाही थांबायला ती चुकली नाही. मी टाळ्या देत होते आणि रडत होते. तेवढी ताठ मान माझी पुन्हा कधी झाली नाही.

गाणं संपल्यावर हेडक्लार्कच्या बाईंनी लालबुंद तळवे मायपुढं धरले. "तुमी कुठल्या खडीवर होता वो?"

माय माझ्याकडे बघून हसली. "औशाच्या. आन् तुमी?"

"उदगीरच्या. पर आमच्या ह्यांनी बजावलंय, इथं कुणाला सांगायचं न्हाई."