इथे मोफत तपासून मिळेल

मी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करतो. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलकडून रिजची टेकडी उतरून विद्यापीठाच्या बाजूला आलं की झेरॉक्सच्या दुकानांची एक गल्ली लागते. तिथल्या एका दुकानात, कोपऱ्यात, माझं टेबल. दुकान एका पंजाबी अंकलचं. झेरॉक्स आणि बाइंडिंग त्यांचं, टायपिंग माझं. मी स्वतः नववीत शाळा सोडलेली. हिंगोली जिल्ह्यातल्या गावाहून मामाच्या मागे इकडे आलो. मामा सरकारी कचेरीत होते, त्यांना वाटलं पोरगं इथं काहीतरी शिकेल. मी टायपिंग शिकलो. 'परिशिष्ट' हा शब्द मी रोज टाइप करायचो, पण त्याचा अर्थ मला पहिल्यांदा सांगितला तो ताईंनी.

ताई नागपूरच्या, इथे पीएचडी करत होत्या. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवताना 'जयभीम' म्हणालो तर काउंटरच्या पलीकडून उत्तर आलं, "जयभीम. कुठला रे तू?" घरापासून इतक्या लांब कुणी असं विचारलं की ते माणूस आपलंच वाटायला लागतं.

त्यांचा विषय पानिपतचा होता. तिथे परदेशातून जुन्या लोकरी कपड्यांच्या गाठी येतात. बायका जमिनीवर बसून त्या कपड्यांची बटणं आणि चेन कापतात, कपडे फाडतात, त्याचं सूत होतं आणि सुताची ब्लँकेटं. ताई त्या बायकांशी बोलून यायच्या आणि मी ते बोलणं टाइप करायचो. "पानिपत म्हटलं की आपल्या लोकांना मेलेले मराठेच दिसतात," ताई म्हणायच्या. "तिथं बायका जिवंत आहेत, त्यांच्याकडे कोण बघणार?"

मी नववीवाला आहे हे कळल्यावर त्या माझ्यावर जवळजवळ चिडल्या. "नेटवर एवढं फुकट पडलंय आणि तू दिवसभर नेटवर बसून क्रिकेटचा स्कोअर बघतोस?" स्कोअर खरं तर अंकल बघायचे. मुक्त शाळेतून दहावीला बसायला त्यांनीच लावलं. माझ्याच कॉम्प्युटरवर एकेक साइट उघडून दाखवली. कुठे गणिताचे व्हिडिओ, कुठे शब्दकोश, कुठे इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचून दाखवणारी बाई. एक साइट अशी होती की उत्तर चुकलं तर 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच म्हणायची. माझ्या शाळेत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. अपूर्णांक मी त्या साइटवर शिकलो, गिऱ्हाईक नसताना, आवाज बंद करून. कधी कधी वाटायचं हे सगळं कुणी तयार केलं असेल आणि आपल्याकडून त्यांना काय मिळतं? काहीच नाही. मग दडपण यायचं. फुकट घेण्याची सवय मला नाही, तशी मामांनी लावली नाही.

म्हणून ताईंसाठी काहीतरी करावं असं फार मनात होतं.

प्रबंध जमा करण्याआधी विद्यापीठाच्या लायब्ररीत त्याची तपासणी होते. तिथलं सॉफ्टवेअर तुमचा मजकूर जगभरातल्या मजकुराशी ताडून बघतं आणि जिथे जुळेल तिथे लाल करतं. लाल फार झालं तर प्रबंध परत. प्रामाणिक पोरंसुद्धा त्या लालला घाबरतात. ताईही घाबरल्या होत्या. "चार वर्षं एकच गोष्ट वाचतेय. कुणाचं वाक्य डोक्यात राहून गेलं असेल तर मला कळणारही नाही," असं दोनदा म्हणाल्या. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांची मुलाखत ठरली होती आणि प्रबंध जमा झाल्याचा कागद घेऊनच तिथे जायचं होतं. घरी आजारी वडील होते. ती नोकरी त्यांना हवीच होती.

मी नेटवर शोधलं. असली तपासणी मोफत करून देणाऱ्या साइटी ढिगाने निघाल्या. त्यातली एक निवडली, फाइल चढवली. खाली बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर होता आणि 'मान्य आहे' अशी चौकट होती. चौकटीवर टिक केली. थोड्या वेळाने हिरवी खूण आली, सगळं मूळचं आहे म्हणून. मला इतका आनंद झाला की मी अंकलना चहा पाजला.

ताईंना मात्र सांगितलं नाही. कारण त्यांनी आधीच बजावलं होतं, "ही फाइल कुणाला द्यायची नाही, भाऊ." मी कुणाला दिली नव्हती. साइट म्हणजे 'कुणी' असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लायब्ररीतून सगळं नीट पार पडलं की सांगू, हसतील, असं ठरवलं होतं.

लायब्ररीचा अहवाल आला आणि त्यात ताईंचा अर्ध्याहून जास्त प्रबंध लाल.

दुपारी त्या दुकानात आल्या तेव्हा चेहरा सुकलेला. "माझीच वाक्यं, माझ्याच बायका, आणि ते म्हणतंय कुठल्यातरी साइटवरून उचललं. गाइड सर म्हणाले, समजावून सांगा, नाहीतर पुढच्या सत्रात बघू." मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "तुला नेट कळतं. शोधून दे हे कुणी टाकलंय. मला माहीतच आहे म्हणा."

त्यांचा संशय त्यांच्या ज्युनिअरवर होता. ती इथेच दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी, ताईंच्याच विभागात. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायची. कसं लिहायचं ते बघायला तिने ताईंकडून दोन प्रकरणं मागून नेली होती. "तिच्याशिवाय कुणाला दिलीच नाहीत. सकाळी फोन करून चांगलं सुनावलं. म्हणते, 'ताई, बिल्कुल नाही, मी असं का करेन?' रडायला लागली. रडणं सोपं असतं."

मी अहवालातला पत्ता टाकला. पान उघडलं. तयार निबंध आणि प्रबंध विकणारी साइट होती ती, आणि मध्ये ताईंची पहिली ओळ. वरती फाइलचं नाव होतं: ताई पानिपत फायनल पक्कं फायनल.

फाइलींना अशी नावं मी देतो. ताईंच्या कॉम्प्युटरवर ती फाइल साध्या इंग्रजी नावाने होती. मी तपासायला चढवलेली फाइलच त्यांनी इथे विकायला ठेवली होती, आणि त्या बारीक अक्षरांखाली मी 'मान्य आहे' म्हटलं होतं ते यालाच. ताईंचं लक्ष मात्र खाली, लेखकाचं नाव शोधण्यात.

"गेस्ट लिहिलंय. कोण हा गेस्ट?"

"मी."

"अरे, टाकलं कुणी ते विचारतेय."

"मीच, ताई." मग बारीक अक्षरं, चौकट, हिरवी खूण असं सगळं एका दमात बोलून टाकलं. ताई ऐकत राहिल्या. पाठीमागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं, तेवढंच बरं होतं.

"मला विचारायचं तरी होतंस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"वाटतंय की. फार बरं वाटतंय," ताई म्हणाल्या. त्या मोठ्याने बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. अंकलना मराठी येत नाही, पण रंग ओळखून म्हणाले, "ओये, मॅडम को पानी पिला." मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, प्यायल्या नाहीत.

लगेच मला घेऊन त्या विभागात गेल्या. सरांच्या खोलीत मी हिंदीत जे झालं ते सांगितलं. सरांनी विचारलं, "पढ़े कितना हो?" मी दहावी करतोय असं म्हणणार, तेवढ्यात ताई इंग्रजीत म्हणाल्या, "तो शिकलेला नाही, सर. त्याला हे काही कळत नाही." सर माझ्याकडे बघून हसले, दयेने, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. काम तिथेच झालं. मी लिहून दिलं, सरांनी लायब्ररीला कळवलं, ते पान वगळून पुन्हा तपासणी झाली आणि लाल जवळपास राहिलंच नाही.

ताईंचं ते इंग्रजी वाक्य मला पूर्ण कळलं. ताईंनीच दाखवलेल्या साइटवर त्या इंग्रजी वाचणाऱ्या बाईच्या मागे बोलून बोलून मी तेवढं शिकलो होतो. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "तिथं तसं म्हणावं लागलं. मनावर घेऊ नको." मी काय मनावर घेणार? माझ्या अडाणीपणाने त्यांना खड्ड्यात घातलं आणि त्याच अडाणीपणाने वर काढलं. मधे त्यांनी माझ्यासाठी जी मेहनत घेतली होती तिचा तिथे उल्लेखही करता आला नाही. केला असता तर मला सगळं समजत होतं असं झालं असतं.

प्रबंध वेळेत जमा झाला. ताईंना नोकरी लागली. त्या नागपूरला गेल्या आणि अजून फोन करून माझ्या परीक्षेचं विचारतात, पूर्वीसारख्याच रागावून. पण ते पान अजून त्या साइटवर आहे. काढा म्हणून मी लिहीत असतो, उत्तर येत नाही. बायकांची नावं ताईंनी बदललेली होती तेवढं बरं. त्यांनी बटणं कापता कापता विश्वासाने सांगितलेल्या नवऱ्याच्या, सासूच्या गोष्टी आता कुणीही उघडून वाचू शकतं. पानिपतला जाऊन त्यांना हे सांगावं का, असं मनात येतं. काय सांगणार? त्यांच्यातल्या एकीलाही मी पाहिलेलं नाही. त्यांचं बोलणं मात्र मला पाठ आहे.

ज्युनिअरला ताईंनी, मी कबूल केलं त्याच दिवशी, पुन्हा फोन केला होता. "चुकलं माझं, म्हटलं तिला. ती 'इट्स ओके' म्हणाली," एवढंच मला सांगितलं. त्या दोघी पुन्हा बरोबर दिसल्या नाहीत. आधी कँटीनला जाताना दुकानावरून एकत्र जायच्या, हसत. ते मी मोडलं.

परवा ती मुलगी दुकानात आली. तिचाही प्रबंध पुरा होत आलाय. मी उठून उभाच राहिलो. तिने पेन ड्राइव्ह पुढे केला, पण सोडला नाही.

"दादा, सेटिंग करून प्रिंट पाहिजे. नेट बंद ठेवून कराल?"

"हो," मी म्हटलं आणि राउटरची वायर काढली.

आतून अंकल ओरडले, "ओये, मेरा मॅच!"

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. मग बॅग मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली आणि शेवटचं पान निघेपर्यंत स्क्रीनवरची नजर हलवली नाही. समासात एक ओळ सरकवतानाही मी तिला विचारून सरकवली. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "हां, करा."